दुसऱ्या भागाचा नायक म्हणजे पहिल्या भागातला खलनायकच, पुन्हा जन्मलेला. वाचक म्हणून तुम्हाला पटेल का?

तळ्याकाठची

नमस्कार मंडळी. गेले तीन महिने एकाच ठिकाणी अडून बसले आहे, म्हणून हा धागा.

माझ्या कादंबरीचा पहिला भाग इथल्या काहींनी वाचलाय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. एक कल्पित नगरी आहे. मधोमध तळं, तळ्याला लागून कोट. (सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.) निदाघ नावाचा मांत्रिक राजा त्या तळ्याचं पाणी शोषून स्वतःचं आयुष्य वाढवत राहतो. सात गावं ओस पडतात. शेवटी तो मरतो, तळं भरतं, भाग संपतो.

दुसऱ्या भागात हाच निदाघ एका विणकराच्या घरी जन्माला येतो. श्रावणात झाला म्हणून नाव श्रावण. आणि आता गोष्ट त्याची आहे.

माझा तेरा वर्षांचा भाचा माझा पहिला वाचक. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मावशी, पण त्यानं तर माणसं मारली होती ना? मग मी त्याच्या बाजूनं का राहू?" मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून लिहिणं थांबलंय.

श्रावणला मागचा जन्म आठवावा का? आठवला तर तो जुनाच निदाघ, फक्त अंग नवीन. नाही आठवला तर त्याला कशाचा जाब विचारायचा? मनमोकळं सांगा, दुखेल असंही सांगा.

सातरस्ता

रुमाल टाकून जागा धरून ठेवतो.

पाणी तोडणारा माणूस नायक? ताई, आमच्या गल्लीत चार दिवसांआड नळ येतो. रात्री दोनला उठून पिंपं भरणाऱ्या वाचकाकडून या राजाला माफी मिळवायची म्हणजे लई अवघड काम घेतलंय तुम्ही. :)

पहिला भाग दोनदा वाचलाय मी. जोरदार होता. दुसरा यायलाच पाहिजे.

माळढोक

तळ्याकाठची ताई, आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. जय-विजय आठवा. वैकुंठाचे द्वारपाल. सनकादिक चौघे दिसायला बालक, म्हणून त्यांना दारात अडवलं आणि शाप ओढवून घेतला. मग हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, पुढे रावण-कुंभकर्ण, शेवटी शिशुपाल-दंतवक्र. तीन जन्म तेच दोघे, तिन्ही वेळा देवाशी वैर. कीर्तनात 'सात जन्म भक्त की तीन जन्म शत्रू' असा पर्याय रंगवून सांगतात, भागवतात मात्र थेट तीन जन्मांचीच गोष्ट आहे.

यात तुमच्या कामाचं असं की, त्यांना काही म्हणता काही आठवत नाही. शिशुपाल भर राजसूयात कृष्णाला शिव्या देतो तेव्हा आपण याच्या दारात उभे होतो हे त्याच्या गावीही नसतं. आणि तो मेल्यावर त्याच्या अंगातून तेज निघून कृष्णातच मिसळतं. युधिष्ठिर चक्रावतो, की शिव्या देणाऱ्याला ही गती कशी? नारद सांगतात, द्वेषानं का होईना, पण अखंड चिंतन त्याचंच होतं. भिंतीवरच्या घरात कोंडलेली अळी भीतीनं कुंभारीण माशीचाच ध्यास घेते आणि तीच होऊन जाते, तसं. यालाच विरोधभक्ती म्हणतात.

माझं मत: आठवण देऊ नका. ओढ द्या. श्रावणला पाण्याची ओढ असावी, का ते कळू नये.

ओजस_११

काका, मस्त लिहिलंय. पण ती अळी माशी होत नाही. कुंभारीण माशी अळीला डंख मारून सुन्न करते, मातीच्या घरात ठेवते आणि तिथंच अंडं घालते. पिल्लू बाहेर आलं की ती अळी खातं. म्हणून लोकांना वाटायचं, आत अळी गेली आणि बाहेर माशी आली.

धाग्याबद्दल: जपानी इसेकाई कथांमध्ये हा प्रकार खूप चालतो. इसेकाई म्हणजे 'दुसरं जग'. हौशी लेखकांच्या एका जपानी साइटवरून (२००४ ची आहे ती) हे पीक आलं. त्यात 'खलनायिका' हा वेगळा उपप्रकारच आहे. आपल्यासारखी साधी मुलगी मरते आणि तिनं खेळलेल्या गेममधल्या दुष्ट सरदारकन्येच्या अंगात जागी होते. पुढं काय वाईट होणार हे तिला आधीच माहीत, म्हणून ती ते टाळत जाते.

पण तुमचं याच्या उलट आहे. तिथं चांगला जीव वाईट अंगात जातो. वाचकाला माफ करायला काही लागतच नाही, कारण तिनं स्वतः काही केलेलंच नसतं. तुमच्याकडे वाईट जीव कोऱ्या अंगात येतोय. हे जास्त अवघड आहे आणि मला हेच वाचायचंय.

निशिगंधा

ओजसच्या पहिल्या परिच्छेदावर थांबले मी. म्हणजे अळी माशी झाली नाही, ती खाल्ली गेली. आणि शतकानुशतकं आपण तिच्या मोक्षाची गोष्ट सांगत आलो.

ताई, माझा या दुसऱ्या भागाला विरोध आहे, स्पष्टच सांगते. पुनर्जन्म ही खलनायकासाठी पळवाट असते. सात गावांतली माणसं तहानेनं मेली. त्यांचा पुनर्जन्म कुठे आहे तुमच्या कथेत? त्यांना दुसरा भाग नाही. त्याला मात्र नवं बालपण, नवी आई, नवं गोड नाव. निदाघ म्हणजे उन्हाळा आणि आता श्रावण, हे कळलं मला, छान आहे. पण मेलेल्यांची नावं तरी तुमच्याकडे लिहिलेली आहेत का?

बाळेकर

निशिगंधाताईंचा राग समजू शकतो. पण आमच्या बाळे गावच्या खंडोबाकडून एक गोष्ट घ्या.

मणी आणि मल्ल हे दैत्य. ऋषींना छळलं, लोकांना छळलं, देवाला खाली यावं लागलं. मणी पडला तेव्हा पश्चात्ताप पावला आणि देवाजवळ जागा मागितली. मिळाली. जेजुरीला त्याची मूर्ती आहे, लोक पुजतात. मल्लानं मागितलं, माझं नाव तुझ्या नावाआधी लागू दे. म्हणून देव मल्हारी झाला. चंपाषष्ठीला आमच्याकडे यात्रा भरते, भंडारा उधळतो, तेव्हा हजारो माणसं 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणतात. त्या प्रत्येक आरोळीत मारलेल्या दैत्याचं नाव आहे.

लहानपणी वडील मला खांद्यावर घेऊन जायचे. मी विचारलं होतं, वाईट माणसाचं नाव का घ्यायचं? ते म्हणाले, विसरू नये म्हणून. मला वाटतं तुमच्या नगरीनंही निदाघचं नाव पुसू नये.

कडकभाकरी

वाचतेय. एकेक प्रतिसाद वाचून गप्प व्हायला होतंय. दुसरा भाग येईल तेव्हा हुरडा, शेंगा चटणी आणि मोठ्यानं वाचन असा बेत करू या का? जागा माझी, ज्वारी मंगळवेढ्याची. गड्डा यात्रा संपली की लगेच.

सातरस्ता

हुरड्याला अनुमोदन. गूळ मी आणतो.

पत्तेवाला

ताई, तुमचा श्रावण विणकराच्या घरी जन्मला म्हणून लिहायला बसलो. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. आजोबा हातमागावर होते, वडिलांनी जकार्डचा माग चालवला, मीही त्यातच आहे.

चादरीवरची नक्षी कुठं असते, माहितीय? सुतात नसते. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. मधून धोटा जातो. एका पत्त्याला एक आडवा धागा. मोराची चादर असली तर मोर त्या पत्त्यांत असतो. तुम्ही लाल सूत काढून हिरवं लावा, मोर तोच उतरणार.

मी हे वाचताना हाच विचार करत होतो. जन्म म्हणजे सूत बदललं. पत्ते तेच राहिले तर श्रावण कितीबी गोड असू द्या, नक्षी निदाघाची उतरणार. त्याला काही आठवायची गरजच नाही. धाग्याला कुठं माहीत असतं आपण मोर काढतोय ते.

आणि आमच्या चादरीची दुसरी बाजू बघा कधी. दुहेरी वीण असते. पालथी केली की नक्षी तीच आणि रंग उलटे. वर जिथं पांढरं तिथं खाली लाल.

ओजस_११

पत्ते बदलता येतात का पण?

पत्तेवाला

येतात की. नवे पाडायचे. पण माग चालू ठेवून नाही होत, माग थांबवावा लागतो. एकेक भोक मोजून पाडायचं, मग सगळे पत्ते दोऱ्यानं ओवून माळ करायची. एक भोक चुकलं तर चादरभर ती रेघ दिसते. वडिलांच्या हातून एकदा असं झालं होतं. रात्रभर बसून त्यांनी तो एकच पत्ता शोधला होता. आई कंदील धरून उभी होती, वीज गेलेली.

तळ्याकाठची

पत्तेवाला दादा, हे वाचून हात थरथरले माझे. मी विणकराचं घर निवडलं ते नुसतं पूर्व भागातून जाता-येता खटखट ऐकलीय म्हणून. आत काय चालतं ते कधी पाहिलंच नव्हतं.

निशिगंधा, तुझ्या प्रश्नाला उत्तर: नाहीत. सात गावांतल्या एकाही माणसाचं नाव मी लिहिलेलं नाही. 'गावं ओस पडली' एवढंच वाक्य आहे. काल रात्री वही उघडून पाहिलं.

माळढोक

निशिगंधा, एक मुद्दा मांडतो. खलनायक कोण हे सांगणारा कोण, तेही पाहावं लागतं. बळीराजा असुर, वामनानं पाताळात घातला. पण पाडव्याला घराघरांतल्या बाया ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात. जोतीराव फुल्यांनी तर १८७३ सालीच त्याला आपला राजा म्हणून उभं केलं. आणि पुराणातही तो पुढच्या, सावर्णी मन्वंतराचा इंद्र होणार आहे. खऱ्या अर्थानं पुढच्या भागाचा नायक.

निशिगंधा

काका, आदरानं सांगते, बळीची तुलना इथं नको. बळीनं कुणाचं पाणी तोडलं नव्हतं. त्यानं दिलेला शब्द पाळला आणि हरला. त्याला खलनायक ठरवलं गेलं. निदाघ मात्र खरोखर दोषी आहे. दोघांना एका ओळीत बसवलं की खरा गुन्हेगारही 'माझ्यावर अन्याय झाला' म्हणायला मोकळा.

माळढोक

बरोबर. मागे घेतो. बळीचं उदाहरण या धाग्यात बसत नाही.

पिंपळपान

चार दिवस वाचतेय, आज लिहिते. आजीनं मला अंगुलीमालाची गोष्ट सांगितली होती. बहुतेकांना अर्धीच माहीत असते: बोटांची माळ घालणारा दरोडेखोर, समोर बुद्ध, 'मी थांबलोय, तू कधी थांबणार', आणि तो भिक्खू होतो. शाळेच्या पुस्तकात इथंच संपते.

आजी पुढची सांगायची. तो भिक्षेला गावात जातो. वाटेत एक बाई अडलेली असते, मूल आडवं आलेलं. तो कळवळून बुद्धाकडे येतो. बुद्ध म्हणतात, तिला जाऊन सांग, 'मी जन्मल्यापासून जाणूनबुजून एकही जीव मारलेला नाही, या सत्यानं तुझं आणि बाळाचं कल्याण होवो.' अंगुलीमाल म्हणतो, भगवंत, हे तर खोटं होईल. मी कितीतरी मारलेत. तेव्हा बुद्ध म्हणतात, मग असं म्हण: 'आर्य जन्मात जन्मल्यापासून.' म्हणजे भिक्खू झाल्यापासून. तो जाऊन तसं म्हणतो, आणि बाई सुखरूप मोकळी होते. अजूनही बाळंतपणाच्या वेळी ते परित्त, म्हणजे रक्षणासाठीचं पठण, म्हणतात. माझ्या वेळी आजीनं दवाखान्याच्या बाकावर बसून म्हटलं होतं. बोटांत माळ नव्हती तिच्या, पदराचं टोक होतं, तेच ती घोळवत होती.

म्हणजे पुन्हा जन्म घ्यायला मरावं लागलंच नाही त्याला.

आणि निशिगंधा, तुझ्यासाठी त्याच्याही पुढचं. तो अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाला तरी लोक विसरले नाहीत. भिक्षेला गेला की कुणाचं ढेकूळ लागायचं, कुणाची काठी, कुणाचा दगड. एकदा डोकं फुटलेलं, भिक्षापात्र फुटलेलं, चीवर फाटलेलं, असा तो परत आला. बुद्धांनी लोकांना दोष दिला नाही. त्याला म्हणाले, सहन कर. जे तुला युगानुयुगं नरकात भोगावं लागलं असतं, ते तू इथंच भोगतोयस.

बुद्धांनी त्याला स्वीकारलं. पण दगड मारणाऱ्यांचा हात धरला नाही.

सातरस्ता

...

परत वाचला हा प्रतिसाद. मी सुरुवातीला माफीची गंमत केली होती, आता वेगळंच वाटलालंय. 'जन्मल्यापासून' हे वाक्य तो म्हणत नाही, खोटं होईल म्हणून अडतो, तिथंच तो माणूस मला पटला.

निशिगंधा

पिंपळपान, धन्यवाद. हे मला माहीत नव्हतं. माझा विरोध अर्धा उरला. असा नायक मी वाचेन, ज्याच्या अंगावर दगड पडतात आणि लेखिका मध्ये येत नाही.

उजनीकाठ

मी करमाळ्याकडचा, सध्या जुळे सोलापूरला. पुस्तकांतलं मला फार कळत नाही, पण 'आठवण कुणाला असावी' यावर एक सांगतो.

आमच्या आजोळचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. १९८० ला धरण पुरं झालं. कडक उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुन्या गावाचे चौथरे उघडे पडतात. एका वर्षी मी आजीला घेऊन गेलो. चिखल वाळून भेगाळलेला, सगळीकडे शिंपले. मला नुसते दगड दिसत होते. आजी सरळ चालत गेली, एका जागी थांबली आणि म्हणाली, "ही चूल." मग दोन पावलं टाकून, "इथं रांजण." पायानं माती सारली तर खाली रांजणाच्या बुडाएवढा गोल खळगा होताच. ती खाली बसली आणि त्या खळग्यात हात घालून बराच वेळ बसून राहिली. नंतर मला आजूबाजूच्या घरांची नावं सांगितली, एकूण एक, कोण कुठं राहत होतं, कुणाची म्हैस कोणत्या खुंट्याला.

धरणानं आमच्या जिल्ह्याला ऊस दिला, पाणी दिलं, मी ते नाकारत नाही. धरण म्हणजे तुमचा निदाघ असंही मला म्हणायचं नाही. पण ज्याचं जातं त्याला सगळं आठवतं. ज्याच्याकडे येतं त्याला आठवायचं कारण पडत नाही.

तुमच्या श्रावणला काही आठवू नका देऊ. पण त्याच्या नगरीत अशी एक आजी पाहिजे.

कडकभाकरी

हुरड्याला या आजींना आणता येईल का हो?

उजनीकाठ

गेल्या वर्षी गेल्या.

कडकभाकरी

माफ करा. मनापासून.

तळ्याकाठची

दोन दिवस इथं आले नाही, कारण लिहीत होते.

श्रावणला काही आठवणार नाही, शेवटपर्यंत. माळढोक काकांची ओढ ठेवली, आणि पत्तेवाला दादांचे पत्तेही. पाणी पिऊन झालं की श्रावण भांडं पालथं करतो आणि शेवटचा थेंब बोटावर घेऊन जिभेला लावतो. सवयच आहे, त्याला काही विचित्र वाटत नाही. त्याच्या आईला तर ते गोड वाटतं.

सातरस्ता

थांबा! पहिल्या भागात निदाघ हेच करतो! तिसऱ्या प्रकरणात, दूत आलेला असतो तेव्हा! चांदीचा पेला!

तळ्याकाठची

हो. तेव्हा सहज लिहून गेले होते.

हे ओळखणारी एकच आहे. ओस पडलेल्या गावातली म्हातारी, नाव चंद्राआजी. तरुणपणी ती राजवाड्यावर पाणी भरायला होती, त्यामुळे तो थेंब तिनं पाहिलेला आहे. श्रावण बारा वर्षांचा असताना तिच्या दारात पाणी मागतो. ती तांब्या देते. तो पितो, पालथा करतो, बोट पुढे करतो. ती तांब्या काढून घेते आणि त्याचं मनगट धरून त्याला आपल्या ओस गावात नेते. एकेक घर दाखवते. चूल इथं. रांजण इथं. उजनीकाठ दादा, तुमच्या आजींची परवानगी आता मागता येत नाही, म्हणून तुमची मागते.

त्या प्रकरणात सत्तेचाळीस नावं आहेत. काल रात्री एकेक करून लिहिली. प्रत्येकाचं घर कुठं होतं त्याचा नकाशाही काढला, कारण आजी चुकता कामा नये.

उजनीकाठ

घ्या. तिला आवडलं असतं. फक्त खळगा ठेवा.

निशिगंधा

सत्तेचाळीस. वाचेन मी, प्रत्येक नाव. एकच मागणी आहे: चंद्राआजीनं त्याला माफ करायचं नाही. शेवटच्या पानावरसुद्धा नाही.

तळ्याकाठची

नाही करणार. तो गावाची विहीर उपसत राहील, ती काठावर बसून बघत राहील. पाणी लागलं तरी ती त्याच्या हातचं पिणार नाही, स्वतःचा पोहरा सोडेल. एवढं ठरलंय.

बाळेकर

आणि नाव? नगरीत निदाघाचं नाव कुठं राहिलं?

तळ्याकाठची

त्या विहिरीला. गावातले लोकच ठेवतील, त्याला न विचारता.

माळढोक

पुभाप्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत.)

पत्तेवाला

ताई, मागाचं लिहिणार असाल तर एकदा येऊन बघून जा. नुसतं ऐकून पत्त्यांचं लिहाल तर कारागीर वाचक लगेच पकडतील. रविवारी सकाळी या, दुपारनंतर माग बंद असतो. जुन्या मोराचे पत्ते अजून पोटमाळ्यावर आहेत, काढून ठेवतो. धूळ लई आहे, जुने कपडे घालून या.

तळ्याकाठची

रविवारी दहाला येते. भाच्याला घेऊन येते, चालेल ना?